अंश आणि समग्र : कळंब्याच्या परिसरातून अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचा विचार

अंशलक्षी आणि समग्रलक्षी ही अर्थशास्त्राची दोन अंगे आपले विद्यार्थी दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांसाठी अभ्यासतात. एका वहीत मागणी, पुरवठा, सीमांत उपयोगिता, उत्पादनसंस्थेचा समतोल. दुसऱ्या वहीत राष्ट्रीय उत्पन्न, गुंतवणूक, गुणक, चलनवाढ. दोन्ही वह्या चांगल्या लिहिलेल्या असतात, परंतु एकीचा दुसरीशी संबंध काय हे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : पहिलीत एका व्यक्तीचा विचार असतो, दुसरीत सर्व व्यक्तींच्या बेरजेचा. हे उत्तर अगदीच चुकीचे आहे असे नाही. पण त्यातील ‘बेरीज’ हा शब्द मोठा फसवा आहे. प्रस्तुत लेखात त्या एका शब्दाचीच तपासणी करावयाची आहे, आणि ती करण्यासाठी फार दूर न जाता कोल्हापूरला लागून असलेल्या कळंब्याच्या परिसरापासून आरंभ करावयाचा आहे.

कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी कळंब्याच्या तलावात साठते. संस्थानी काळात बांधलेल्या या तलावाने कोल्हापूर शहराची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागविली. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली जो प्रश्न विचारला, तो या तलावाच्या बांधावर उभे राहूनही विचारता येईल : पाण्यावाचून मनुष्य जगत नाही, तरी पाणी जवळजवळ फुकट, हिऱ्यावाचून कोणाचेच अडत नाही, तरी त्याची किंमत अफाट. असे का? याचे समाधानकारक उत्तर १८७१ साली जेव्हन्स व मेंगर यांनी, आणि त्यानंतर तीन वर्षांनी वालरा यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिले. वस्तूची किंमत तिच्या एकूण उपयोगितेवर ठरत नाही. ती हाती असलेल्या शेवटच्या नगाच्या उपयोगितेवर ठरते. भरल्या तलावाच्या काठी राहणाऱ्या घरातील पहिली घागर पिण्याची असते, दहावी अंगण शिंपण्याची. उन्हाळ्यात तलावाचा तळ दिसू लागला की अंगणाची घागर नाहीशी होते, मग धुण्याची जाते, आणि टँकरच्या पाण्याला मोल येते. पाण्याचे गुणधर्म तेच राहिले. बदलली ती सीमा.

येथपर्यंतचा विचार अंशलक्षी होय. आता याच घराने, पाणी उद्या येणार नाही अशी बातमी ऐकून, दोन पिंपे जास्त भरून ठेवली असे समजू. त्या घरापुरता हा निर्णय शहाणपणाचाच आहे. तथापि हीच बातमी प्रत्येक घराने ऐकली आणि प्रत्येकाने दोन पिंपे जास्त भरली, तर नळाचा दाब त्याच दिवशी नाहीसा होतो आणि उद्याची टंचाई आजच अवतरते. येथे कोणीही मूर्खपणा केलेला नाही. सर्वांचे वर्तन विवेकाचे आहे आणि सर्वांचे मिळून झालेले फलित मात्र कोणालाच नको होते. एकाच्या बाबतीत सत्य असलेले विधान सर्वांच्या बाबतीतही सत्य असलेच पाहिजे असे मानणे, या तर्कदोषाला समुच्चयदोष म्हणता येईल. समग्रलक्षी अर्थशास्त्राला स्वतंत्र अस्तित्व का आहे, याचे मूळ या दोषाच्या ओळखीत सापडते.

पाण्याचे उदाहरण सोपे आहे, कारण त्यात बाजार नाही. म्हणून आता गुळाकडे वळू. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, आणि गुळाच्या व्यापाराने त्या पेठेला व शहराला नाव मिळवून दिले. करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांवर काहिलीत रस आटवून, भेंडीच्या रसाने मळी काढून, गुळव्याच्या नजरेच्या अंदाजाने उतरविलेला गूळ रव्यांच्या रूपाने सौद्यास येतो आणि त्याचा मोठा भाग गुजरातेत जातो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. अंशलक्षी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पूर्ण स्पर्धेचे जे चित्र असते, त्याच्या पुष्कळ जवळ जाणारा हा बाजार आहे. विक्रेते अनेक आहेत, आणि एकट्या गुऱ्हाळवाल्याच्या मालाने सौद्याचा भाव हलत नाही. (मालाचा रंग व प्रत सारखी नसते, अडत्याच्या उचलीमुळे शेतकरी हवा तेव्हा हवा तेथे विकण्यास मोकळा नसतो, म्हणून ‘पूर्ण’ हे विशेषण जपूनच वापरावे.)

एक कल्पित हिशेब मांडू. एका गुऱ्हाळवाल्याचा हंगामाचा गूळ ५० क्विंटल असून भाव क्विंटलला ४,००० रुपये आहे. त्याची प्राप्ती २,००,००० रुपये. त्याने एकट्याने उत्पादन दहा टक्क्यांनी वाढविले, तर ५५ क्विंटल त्याच भावाने विकून त्यास २,२०,००० रुपये मिळतील. आता सर्वांनीच उत्पादन दहा टक्क्यांनी वाढविले असे धरू. मागणीची लवचिकता निम्मी, म्हणजे ०.५, असली तर दहा टक्के अधिक माल खपण्यासाठी भाव सुमारे वीस टक्क्यांनी उतरावा लागेल. तो ३,२०० रुपयांवर येईल. ५५ क्विंटलांचे आता १,७६,००० रुपयेच होतात. अधिक श्रम, अधिक जळण, अधिक ऊस आणि प्राप्ती मात्र चोवीस हजारांनी कमी!

यावर विद्यार्थी म्हणेल, मग शहाण्याने उत्पादन वाढवू नये. पण त्याचाही हिशेब करून पाहावा. इतरांनी वाढविले आणि याने वाढविले नाही, तर याचे ५० क्विंटल ३,२०० रुपयांनी विकले जाऊन हाती १,६०,००० रुपयेच येतात. म्हणजे इतर वाढवोत वा न वाढवोत, याचे हित वाढविण्यातच आहे. आणि प्रत्येकाचे हित वाढविण्यात असल्यामुळे सर्वांचे अहित ठरलेले आहे. या रचनेला अ‍ॅल्बर्ट टकर यांनी १९५० साली दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले, तेव्हापासून ती ‘कैद्यांची कोंडी’ म्हणून ओळखली जाते. कळंब्यास मध्यवर्ती कारागृह आहे हा निव्वळ योगायोग. परंतु विद्यार्थ्यांच्या स्मरणास त्याची मदत होत असेल तर होऊ द्यावी.

या हिशेबात ०.५ हा आकडा गृहीत धरला आहे, आणि सारा निष्कर्ष त्यावर उभा आहे हे विसरून चालणार नाही. मागणीच्या लवचिकतेची कल्पना मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात सुस्पष्ट केली. लवचिकता एकाहून अधिक असेल तर उत्पादन वाढूनही एकूण प्राप्ती वाढते. आता कोल्हापूरच्या गुळाची लवचिकता किती? येथे ‘कोणाची’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. गुजरातेतील गिऱ्हाइकापुढे कर्नाटकाचाही गूळ असतो. म्हणून केवळ कोल्हापूरच्या गुळाची मागणी लवचिक असणार. साऱ्या देशाच्या गुळाची मागणी त्याहून कमी लवचिक, कारण गुळाला पर्याय साखरेचाच. आणि गूळ व साखर मिळून सर्व गोडाची मागणी आणखी ताठर. एका गुऱ्हाळवाल्याच्या दृष्टीने ती जवळजवळ अनंत असते. वर्तुळ जसजसे मोठे करावे तसतशी लवचिकता घटत जाते, असे येथे दिसून येईल. अंश व समग्र यांच्यामध्ये एक ठळक रेषा आहे असे मानण्यापेक्षा हा उतार ध्यानात घेणे अधिक उपयुक्त आहे. ‘उत्पादन वाढवा’ हा उपदेश एका शेतकऱ्यास, एका जिल्ह्यास आणि एका राष्ट्रास सारख्याच शब्दांत करणारा मनुष्य या उताराचा विचार करीत नाही.

गूळ किती निघेल हे गुळाच्या भावावर जितके अवलंबून, तितकेच उसाला कारखान्यात काय मिळेल यावर. गुऱ्हाळाच्या हिशेबात घरच्या उसाची किंमत शून्य धरण्याची चूक अनेकदा होते. तो ऊस कारखान्यास घातला असता तर जे मिळाले असते, तेच त्याचे खरे मोल. यालाच वैकल्पिक परिव्यय म्हणतात. केंद्र सरकार २००९ पासून उसाची रास्त व किफायतशीर किंमत ठरवीत आले आहे. २०२४–२५ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये होती, आणि ऊस पुरविल्यापासून चौदा दिवसांत ती देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांवर आहे. गुऱ्हाळांची संख्या कोल्हापुरात घटत गेली, त्याची मजूर मिळत नाहीत, गुळवे उरले नाहीत अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. तथापि उसाला दुसरे, कायद्याने हमी दिलेले गिऱ्हाईक मिळाले ही गोष्ट त्या सर्वांच्या मुळाशी आहे. गुऱ्हाळाचे खर्च रुपयांत वाढण्यापूर्वी वैकल्पिक परिव्ययात वाढले होते.

आता काळाचा विचार. आडसाली ऊस तोडणीस येण्यास सोळा ते अठरा महिने लागतात; म्हणजे आजचा भाव पाहून लावलेला ऊस परवाच्या भावाने विकला जातो. भाव चढा असताना सर्वांनी लागवड वाढवावी, माल आल्यावर भाव कोसळावा, मग सर्वांनी लागवड सोडावी आणि पुन्हा टंचाई व्हावी, असे हे चक्र आहे. कागदावर मागणी व पुरवठा यांच्या वक्रांभोवती त्याची रेषा काढली असता ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली त्यास तेच नाव दिले. उसाच्या बाबतीत या जाळ्यास एक गाठ अधिक आहे : खोडवा. एकदा लावलेला ऊस तुटल्यावर पुन्हा फुटतो. त्यामुळे भाव पडला तरी पुरवठा लगेच घटत नाही. भारताचे साखर उत्पादन १९७७–७८ मध्ये सुमारे ६५ लाख टनांवर गेले. १६ ऑगस्ट १९७८ रोजी साखरेवरील नियंत्रण उठविण्यात आले आणि भाव घसरले. १९७९–८० मध्ये उत्पादन ३९ लाख टनांच्या आसपास आले, आणि तत्पूर्वीच, डिसेंबर १९७९ मध्ये, नियंत्रण पुन्हा लागू करावे लागले. १९७९ च्या दुष्काळाचा त्यात मोठा वाटा होता, म्हणून सर्व दोष जाळ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु २००६–०७ मधील सुमारे २८० लाख टनांवरून २००८–०९ मध्ये १४५ लाख टनांवर झालेली घसरण पाहिली, की ही केवळ पावसाची कहाणी नव्हे अशी खात्री पटते.

येथवर आपण एका वस्तूच्या बाजारात राहिलो. कितीही मोठा झाला तरी तो अंशलक्षी विचारच होय, कारण इतर सर्व गोष्टी स्थिर आहेत असे आपण धरून चाललो. समग्रलक्षी विचारात ‘इतर सर्व’ असे काही उरतच नाही. रॅग्नार फ्रिश यांनी १९३३ साली हा भेद शब्दांत मांडला, आणि तीनच वर्षांनी केन्स यांच्या ग्रंथाने त्यास शास्त्राचे रूप दिले.

राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी हे त्याचे पहिले अंग. तेथे बेरीज करावयाची असते हे खरे, पण कशाची? एका क्विंटल गुळाचा ऊस ३,००० रुपयांचा, सौद्यात गूळ ४,००० रुपयांचा, आणि किरकोळ दुकानात तोच ५,००० रुपयांचा असेल, तर उत्तरपत्रिकेतून त्यांची बेरीज १२,००० रुपये केलेली आढळते. वास्तविक समाजास ५,००० रुपयांचाच गूळ मिळाला. शेतात ३,०००, गुऱ्हाळावर १,००० आणि व्यापारात १,००० अशा मूल्यवर्धनांचीच तेवढी बेरीज करावयाची. (खत, जळण व वाहतूक यांचे मोल सोयीसाठी येथे वगळले आहे.)

दुसरे अंग उत्पन्न व खर्च यांच्या परस्परसंबंधाचे. एका घराचा खर्च हा दुसऱ्या घराचे उत्पन्न असतो, हे समग्रलक्षी अर्थशास्त्राचे अत्यंत साधे आणि अत्यंत विसरले जाणारे तत्त्व होय. उसाची बिले थकली म्हणून एका कुटुंबाने लग्नाचे दागिने पुढे ढकलले, तर त्याची शिल्लक सुधारते. सर्व कुटुंबांनी ते पुढे ढकलले की गुजरीतील सराफाचे उत्पन्न घटते, त्याच्या कारागिराचे घटते, कारागीर ज्या दुकानातून किराणा नेतो त्याचे घटते; आणि घटलेल्या उत्पन्नातून काढलेली बचत अखेर मूळच्या इतकीच किंवा त्याहूनही कमी राहते. हा बचतीचा विरोधाभास म्हणजे तलावाकाठच्या पिंपांचीच गोष्ट पैशाच्या भाषेत सांगितलेली आहे.

उलट दिशेने हेच तत्त्व गुणक म्हणून परिचित आहे. बाहेरून आलेल्या शंभर रुपयांपैकी चाळीस पुन्हा कोल्हापुरातच खर्च होत असतील, त्या चाळिसांपैकी सोळा पुन्हा, असे धरत गेल्यास अखेरीस स्थानिक उत्पन्न सुमारे १६७ रुपयांनी वाढेल. आता बीडकडून आलेला ऊसतोड कामगार आपली मजुरी गावी नेतो. ती कोल्हापूरच्या दृष्टीने गळती आहे, महाराष्ट्राच्या दृष्टीने नाही. म्हणून ‘गुणक किती’ या प्रश्नाला ‘कोणत्या सीमेच्या आत’ हे विचारल्यावाचून उत्तर नाही. लवचिकतेबाबत जे वर सांगितले, त्याचेच हे दुसरे रूप : तेथे वर्तुळ वाढविल्याने आकडा घटत होता, येथे तो वाढतो.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण आपल्याकडे गुणकाचे सूत्र पाठ करून त्याच्या अटी सोडून देण्याची प्रथा पडली आहे. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले, की केन्सचा गुणक ज्या परिस्थितीत चालतो ती अविकसित देशात बहुधा नसते. इंग्लंडात यंत्रे थांबलेली होती आणि मजुरीने काम करणारे कामगार रिकामे होते. मागणी वाढताच उत्पादन वाढू शकत होते. आपल्याकडील बेकारी प्रच्छन्न, शेतीचे उत्पादन चटकन न वाढणारे, आणि बहुसंख्य लोक स्वतःच्याच शेतावर राबणारे. तेथे पैशाच्या उत्पन्नावर गुणक चालतो; खऱ्या उत्पन्नावर तो चालत नाही आणि वाढतात त्या किमती. समग्राचे गणित अंशाच्या रचनेवर कसे अवलंबून असते, हे या निबंधाइतके स्वच्छ क्वचितच कोणी मांडले असेल. आज सात दशकांनंतर भारतीय अर्थव्यवस्थेची रचना पुष्कळ बदलली आहे, आणि रावांचे म्हणणे कोणत्या क्षेत्रात अजून लागू पडते हा संशोधनास योग्य विषय आहे.

समग्राचा निर्णय अंशावर कसा येऊन पडतो, याचे एक अलीकडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच, उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले. साखर महाग होऊ नये हा हेतू देशातील सर्व ग्राहकांच्या दृष्टीने समजण्यासारखा होता. परंतु त्याच सरकारच्या प्रोत्साहनाने कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या कारखान्यांचा हिशेब त्यामुळे हंगामाच्या मध्यावर बदलला. आणि उसाची किंमत कायद्याने ठरलेली असल्यामुळे तो फरक अन्यत्र टाकण्यास फारशी जागा नव्हती. महागाईचा निर्देशांक आणि कारखान्याचा ताळेबंद या दोन वह्या दोन वेगळ्या टेबलांवर तपासल्या गेल्या, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

महाराष्ट्रातील ज्यांनी या दोन वह्या एकत्र वाचल्या, त्यांपैकी दोघांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान म्हणून शेती तोट्याची, तेव्हा तुकडे एकत्र करा, असा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता : धारणक्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारी माणसे व वापरले जाणारे भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते. एका शेतकऱ्याने शेजाऱ्याचा तुकडा घेऊन आपले शेत मोठे केले तर त्याचे भले होईल. पण सर्वांची शेते मोठी करावयाची, तर ज्यांच्याकडून जमीन घेतली ते कोठे जाणार? म्हणून शेतीच्या रोगावर उपाय शेतीबाहेर, औद्योगिकीकरणात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. समग्रलक्षी अर्थशास्त्राला अद्याप नावही मिळाले नव्हते, तेव्हाचा हा युक्तिवाद आहे.

दुसरे धनंजयराव गाडगीळ. महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत राव यांच्याबरोबर तेही सदस्य होते. साऱ्या देशाच्या उत्पन्नाचे आकडे जुळविण्याचे काम चालू असतानाच, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपदही ते सांभाळीत होते. १९५० मध्ये त्या कारखान्याचा पहिला हंगाम निघाला. शेअर गोळा करणे, यंत्रसामग्री, उसाचा पुरवठा व भाव हे तेथील प्रश्न. दिल्लीतील प्रश्न शेतीचे एकूण उत्पन्न कोणत्या पद्धतीने अजमावावे हा. वर सांगितलेल्या गुऱ्हाळवाल्यांच्या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे सुट्या सुट्या निर्णयांच्या जागी एकत्र निर्णय आणणे. सहकारी कारखान्याचे सभासदत्व, ऊस घालण्याचा करार आणि तोडणीचा ठरलेला क्रम ही त्याचीच रूपे आहेत. ती एका कारखान्याच्या क्षेत्रापुरती कोंडी सोडवितात. क्षेत्राबाहेर दुसरा कारखाना असतो, त्यापलीकडे तिसरा, आणि त्या सर्वांची साखर एकाच बाजारात येते. २०१८ च्या जूनमध्ये केंद्र सरकारला साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये, आणि पुढील फेब्रुवारीत ३१ रुपये, ठरवून द्यावी लागली, ती याच कारणाने.